येळवशीचा पास

आमच्या गावात बाग आहे असं सांगितलं की लातूरहून आलेले पाहुणे आधी हसतात. हसू दे. लातूर-नांदेड रस्त्यावरचं तालुक्याचं गाव आमचं, इथे बाग म्हणजे काय असणार? तारेचं कुंपण, गंजलेली घसरगुंडी, सिमेंटची बाकडी आणि मागच्या अंगाला कडुलिंब, करंज, चिंचेची झाडं. कारंजंसुद्धा आहे, पण त्यात पाणी दिसलं ते उद्घाटनाच्या दिवशी, त्यानंतर त्यात कुत्री झोपतात. तरी बाग आमची आहे. तिला नावं ठेवायची असतील तर आम्ही ठेवू, पाहुण्यांनी ठेवू नयेत.

मी गिरणीवाली. सगळा जन्म दळणात गेला. गिरणीच्या आवाजावर आवाज काढून बोलायची सवय, त्यामुळे मी कुणाला साधं "चहा घेता का" विचारलं तरी त्याला वाटतं ही बाई भांडायलीय. तशी मी भांडतेही, ते वेगळं.

आमचे मालक मात्र शेतकरी माणूस. शिरूर अनंतपाळच्या बाजूला आमचं रान होतं, काळं, विहिरीचं. मालक मोटारसायकलवर रोज जायचे, रोज यायचे. मग त्यांच्या काळजाचं दुखणं निघालं. लातूरला ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता उन्हात राबणं बंद, वजन उचलणं बंद. मुलगा पुण्याला नोकरीत. तो काही परत येणार नव्हता, आणि मीही त्याला ये म्हणणार नव्हते. थोडे दिवस रान बटईनं, अर्ध्या वाट्यावर दिलं, त्यात मन लागेना, शेवटी शेजारच्याच शेतकऱ्याला विकून टाकलं. कुणाचं देणं नव्हतं, कुणाची बळजबरी नव्हती. सगळं नीट विचार करून केलं. पण सह्या करून घरी आले आणि मालक जे बाजेवर आडवे झाले ते झालेच. जेवण विचारलं तर "ठेव", दुखतं का विचारलं तर "न्हाई". मला वाटायचं, डॉक्टरांनी काळीज दुरुस्त करून दिलं, पण आतला माणूस लातूरलाच राहिला.

आणि येळवस आली की विचारूच नका. वेळ अमावस्येला आमच्याकडे येळवस म्हणतात. त्या दिवशी आमच्या भागात गावात माणूस राहत नाही, सगळे रानात. रानात कडब्याची कोप, म्हणजे लहानशी खोपटी, करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड, पाच पांडव, मांडायचे, पूजा करायची आणि जेवायचं. शेंगा-भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, खीर, मडक्यातली ताक-ज्वारीची आंबील. ज्याला रान नाही त्याला रानवाले आग्रहानं बोलावतात. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारतात. रान होतं तेव्हा मालक निम्म्या गल्लीला बोलावायचे. रान गेल्यावर लोक आम्हाला बोलवायला लागले आणि मालक प्रत्येकाला सांगायचे, पोट बरं नाही. दार लावून आतल्या खोलीत बसायचे. बाहेर गल्ली सुनसान आणि आत आम्ही दोघं, साधा वरणभात खाऊन. देण्याची सवय असलेल्या हाताला घेणं जड जातं, हे मला कळत होतं. पण कळून काय करणार?

बागेत त्यांना मीच ओढत नेलं. आपा म्हणाली, ने. आपा म्हणजे आमची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण, साड्यांना फॉल-पिको करते. तिचे मियाँ रंगकाम करायचे, ते वारले, मुलगी देगलूरला दिली. आपाची मशीन आणि माझी गिरणी सुरू व्हायच्या आधी, सकाळी आम्ही दोघी बागेत बाकड्यावर बसायचो. तिथेच बागेची मंडळी जमली. मंडळी म्हणजे रोज सकाळी फिरायला येणारी माणसं. बागेत झाडू कोण मारणार, कुंपण कोण बांधणार, तर आम्हीच. आमचे म्होरके म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर. सगळं गाव त्यांना कंडक्टरच म्हणतं. सख्ख्या मेव्हण्याचंही तिकीट फाडलेला माणूस, अशी त्यांची ख्याती.

पहिले काही दिवस मालक बाकड्यावर नुसते बसून राहिले. मग एकदा उठले, मागच्या कोपऱ्यात गेले, करंजाच्या बुडाशी बसले आणि हातानं गवत उपटायला लागले. मी आणि आपानं एकमेकींकडे बघितलं आणि आमचं बोलणं तसंच चालू ठेवलं. दुसऱ्या दिवशी घरून निघताना त्यांनी खुरपं घेतलं. पुढं त्या कोपऱ्यात त्यांनी रोपं लावली, आळी केली, बसल्या बसल्या सगळं. घरी आल्यावर बोलायला लागले. "त्या चिंचेला पालवी फुटायलीय." "लिंबाला मुंग्या लागल्यात." मला झाडांचं काही नव्हतं, मला बोलण्याचं होतं. वाळून गेलेलं घर पुन्हा बोलायला लागलं होतं.

आणि दिवाळीच्या सुमाराला बागेच्या बोअरची मोटर जळाली.

आम्ही नगरपंचायतीत अर्ज केला. साहेब चांगले होते, चहा पाजला आणि म्हणाले की यंदा तरतूद नाही, पुढच्या वर्षी बघू. आता झाडांना पुढचं वर्ष कसं समजावून सांगायचं? आमच्याकडचा उन्हाळा. माणसांच्या पाण्याची मारामार, तिथं बागेला टँकर कोण देणार? रोपं वाळणार हे उघड होतं. आणि रोपं वाळली की हा माणूस परत बाजेवर पडणार, हेही मला तितकंच उघड दिसत होतं. बाकीच्यांसाठी तो बागेच्या मोटरचा प्रश्न होता. माझ्यासाठी माझ्या घरातल्या माणसाचा होता. या खेपेला तो पडला तर उठायचा नाही, अशी मला भीती होती.

मोटरसाठी आम्ही कार्यक्रम करायला लागलो. रांगोळी स्पर्धा ठेवली, तर बक्षिसांचाच खर्च जास्त झाला. भजनाचा कार्यक्रम ठेवला, तर भजनी मंडळाला चहा-फराळ द्यावा लागला आणि देणगीची पेटी बागेत पुढे केली तेव्हा लोकांनी ती देवाची समजून तिला नमस्कार केला. कंडक्टर म्हणाले, "तिकीट लावल्याबिगर पैसा येत नसतो. फुकटात लोक देवालाबी विचारत न्हाईत."

तेव्हा माझ्या डोक्यातून ती कल्पना निघाली. गावात रान नसलेली माणसं आता काय कमी आहेत? बँकेतले, दवाखान्यातले, शाळेतले, भाड्यानं राहणारे. त्यांची येळवस बागेत करायची. कोप बांधायची, भज्जी-आंबील सगळं करायचं आणि जेवणाचे पास विकायचे. मंडळी खूश झाली. कंडक्टरनी त्याच दिवशी छापखान्यात जाऊन पिवळ्या रंगाचे पास छापून आणले. ते हातात धरताना त्यांच्या चेहऱ्यावर जुनं तेज आलं.

मी घरी येऊन मालकांना सांगितलं. ते खुरप्याची मूठ घट्ट करीत बसले होते. हातातलं काम थांबलं.

"येळवशीचं जेवण इकायलाव?"

"अहो, मोटरसाठी. तुमच्याच झाडांसाठी."

"आंबील इकत घेऊन कुणी पिलंय का आजवर? आमच्या बापजाद्यात असलं कधी झालं न्हाई." त्यांनी खुरपं खुंटीला लावलं. "तुमची ती येळवस होऊस्तोवर मी बागेत पाय ठेवायचो न्हाई. झाडं वाळली तर वाळू द्या."

मीही डोक्यात राख घालून घेतली. म्हटलं, "मग वाळू द्या. बाजेवर पडून छत बघा." आणि फणकाऱ्यानं गिरणीत गेले. ज्याच्यासाठी करत होते तोच रुसून बसला, आता हसावं की रडावं? येळवशीच्या आदल्या दिवशी गिरणीत पाय ठेवायला जागा नसते. बाजरीची, ज्वारीची दळणं रांगेला. दिवसभर दळत होते आणि माझं लक्ष एकाच गोष्टीत होतं, की खुरपं खुंटीला आहे.

येळवशीच्या सकाळी दुसरी गंमत झाली. मंडळीतल्या ज्यांना ज्यांना रान होतं ते सगळे आपापल्या रानात निघून गेले. आम्ही आदल्या दिवसापर्यंत पाककृती ठरवत होतो, मंडप ठरवत होतो, पण येळवशीला रानवाला माणूस गावात थांबत नसतो, हे एकालाही सुचलं नाही. सांगा आता. जन्म इथं गेला आमचा. मागे उरले ते सगळे बिनरानाचे. कंडक्टर, आपा, मी आणि शाळेतल्या दोन बाई. स्वयंपाक आम्ही बायकांनी ओढून नेला. कोप कंडक्टरनी बांधली. कडब्याच्या पेंढ्या एकमेकींना टेकवून, वरून एसटीच्या टपावर सामान बांधतात तशी दोरी गुंडाळून. दगडांना चुना लावला. सगळं झालं आणि पुढं काय करायचं हे कुणालाच माहीत नाही. पूजा कुणी करायची, रानाला फेरी कुणी घालायची? आंबील शिंपडत रानाच्या कडेनं फेरी घालतात आणि निम्मी कानडी अशी एक आरोळी देतात. तिचा अर्थ कुणाला सांगता येत नाही, पण ती दिल्याशिवाय येळवस झाली असं वाटत नाही. ती रानाच्या मालकानं द्यायची असते. बागेला मालक कोण?

मी उंडे वळत होते. आपानं हात धुतले, डोक्यावरून पदर घेतला आणि म्हणाली, "मैं आती."

ती आमच्या घरी गेली. तिथं काय झालं ते तिनं मला नंतर सांगितलं आणि मालकांनीही सांगितलं, दोघांचं सांगणं सारखंच निघालं, त्यामुळे मी त्यावर विश्वास ठेवते. मालक बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. आपा दारात उभी राहिली.

"भाऊ, मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हापासून तुमच्या रानात जेवले. माझी लेक तुमच्या विहिरीवर पोहायला शिकली. तुम्ही रान विकलं, बरं केलं, तुमचं रान, तुमची मर्जी. पण तेव्हापासून माझ्या दारात येळवशीला कुणी आलं का, हे तुम्ही विचारलं का? रान तुमचं गेलं. येळवस माझीबी गेली ना."

मालक उठून बसले. मग म्हणाले, "तुला कुणी बोलावलं न्हाई?"

"तुमच्यासारखं कुणी न्हाई."

त्यांनी टोपी घातली. पायात वहाणा सरकवल्या. दारातून परत आत गेले आणि खुंटीवरचं खुरपं घेतलं. येळवशीला खुरप्याचं काय काम, पण घेतलं.

मी फाटकाकडे पाहिलं तर समोरून दोघं येत होते. पुढे आपा, मागे मालक. माझ्या हातातला उंडा तसाच राहिला. पण माझा जीव फाटकाकडे लागला होता. तिथं टेबल टाकून कंडक्टर बसले होते, पिवळे पास घेऊन. मालकांनी ते पास पाहिले की उलट्या पावली जातील, हे मला ठाऊक होतं.

पाहते तर टेबलावर पास नव्हतेच.

झालं होतं असं. सगळ्यात आधी दवाखान्यातली एक नर्स आली होती, नवीन बदलून आलेली, सोबत तिची आई. नर्सनं पर्स उघडली आणि पैसे पुढं केले. कंडक्टरचा हात सवयीनं पुढं गेला. आणि तिची म्हातारी आई म्हणाली, "आज येळवस ना, पोरी? येळवशीला कुणी पैसे देतंय का?" म्हातारी कंडक्टरकडे बघून हसली. तिला वाटलं लेकीचीच चूक झाली. कंडक्टरनी हात मागे घेतला, पास शर्टाच्या खिशात कोंबले आणि म्हणाले, "आधी जेवा. पैशाचं मग बघू." त्या एकीला सोडलं म्हटल्यावर दुसऱ्याला कसं अडवणार? मालक पोचले तेव्हा कंडक्टर फाटकाबाहेर रस्त्यावर उभे राहून मोटारसायकलवाल्यांना हाका मारत होते. "या हो, जेवून जा. येळवस हाय." सगळा जन्म फुकट्यांना खाली उतरवण्यात गेलेला माणूस, रस्त्यावरून माणसं वर घेत होता.

मला एकाच वेळी त्यांच्या पाया पडावंसं आणि त्यांना लाटणं मारावंसं वाटलं. मोटर आता कुठून आणायची? पण मालक आत आले होते.

आत आले आणि कोपीपुढे थबकले.

"ही कुणी बांधली?"

"मी," कंडक्टर मागून म्हणाले.

"मावळतीला तोंड करून?"

"रस्त्याकडून फोटो बरा येतोय."

"अरे बाबा, पांडवांनी काय एसटीची वाट बघायची का?"

सगळे हसले. सगळ्यात जास्त कंडक्टर हसले. मालकांनी दोरी सोडली, पेंढ्या उतरवल्या आणि कोप पुन्हा बांधायला घेतली. बँकेतला साहेब पेंढ्या देत होता, आपा दोरी धरून होती. मी "वजन उचलू नका" म्हणून ओरडत होते आणि माझं कुणी ऐकत नव्हतं. उगवतीकडे तोंड करून कोप उभी राहिली. पूजा झाली. मग मालकांनी आंबिलीचं मडकं काखेत धरलं, लिंबाचा डहाळा बुडवला आणि कुंपणाच्या कडेनं निघाले. घसरगुंडीच्या मागून, कारंज्याच्या बाजूनं, प्रत्येक झाडावर आंबील शिंपडत. आपल्या कोपऱ्यातल्या रोपांपाशी आले तेव्हा त्यांनी ती आरोळी दिली. पहिल्यांदा आवाज बारीकच निघाला. दुसऱ्यांदा खणखणीत निघाला, रानात निघायचा तसा. मागून सगळ्यांनी साथ दिली, नर्सच्या म्हाताऱ्या आईनं सगळ्यात मोठ्यानं. मी पदर तोंडाला लावून रडले. मला कुणाची लाज वाटली नाही.

लोक पोटभर जेवले. कंडक्टरच्या खिशातले पास घामानं भिजून एकमेकांना चिकटले. मोटरसाठी काहीही जमलं नाही.

घरी येताना मी म्हटलं, "झालं. येळवस झाली, पण मोटर गेली."

मालक म्हणाले, "हुरडा इका की."

"म्हंजे? आंबील इकायची न्हाई आणि हुरडा इकायचा?"

"हुरड्याला कुणाची हरकत हाय? हुरडा बाजारात इकतेत. येळवस बाजारात इकत न्हाईत." त्यांना यात काहीच अवघड वाटत नव्हतं. मी एवढी वर्षं संसार केला, पण या माणसाच्या डोक्यातला हा बाजार मला कळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत गेले तर बँकेतला साहेब स्कूटरवर पाण्याचा कॅन घेऊन उभा. नर्सची आई बादली घेऊन. मला वाटलं कुणी सांगितलं असेल. कुणी सांगितलं नव्हतं. म्हातारी म्हणाली, "ज्याच्या रानात येळवशीला जेवलो, त्याच्या पिकाची विचारपूस करावी लागतेच की बाई." तिच्या गावाकडे तशी रीत होती म्हणे. तेव्हापासून रोज कुणी ना कुणी घरातलं भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी आणून ओतायचं. मालक कुणाचं पाणी कोणत्या झाडाला ते सांगायचे आणि सगळे ऐकायचे.

संक्रांत झाली आणि आम्ही बागेत हुरडा केला. येळवशीला रानात पळून गेलेली मंडळी आता लाजून ज्वारीची कणसं घेऊन आली. आगटी पेटली, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. पास तेच पिवळे, जुने, चिकटलेले. कंडक्टरनी ते एक एक सोडवून विकले आणि त्या दिवशी एकाही माणसाला फुकट आत सोडलं नाही. मलासुद्धा पास घ्यायला लावला. मोटर आली.

यंदाची येळवस जवळ आली तेव्हा मी गिरणीत दळत होते. तहसीलमध्ये नवीन आलेला एक कारकून दळण घेऊन उभा होता. एकटाच राहतो, बायको-मुलं गावी. मालक पोत्यावर बसले होते. गिरणी थांबली, तसं त्यांनी त्याला विचारलं, "येळवशीला कुठं जाणार?"

"कुठं न्हाई काका. आमचं रान न्हाई इकडं."

"मग आमच्या रानात या," मालक म्हणाले.

कारकून म्हणाला, "येतो की. कुठं आहे रान तुमचं?"

माझ्या तोंडावर आलं होतं की अहो, ती सरकारी बाग आहे. मी पिठाचा डबा त्याच्या हातात दिला. मालक उठून दारात गेले आणि हात लांब करून त्याला रस्ता दाखवायला लागले.